‘आमच्याकडे सगळे होतेच’ हा पूर्वजांचा गौरव नव्हे, अवमान आहे

#थ्रेड #इतिहास #खगोल

१/
२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी विक्रम लँडर चंद्रावर अलगद उतरले आणि तासाभरात आपल्या भ्रमणध्वनींवर तीन निवाडे येऊन धडकले. पहिला : यात नवल ते काय, आमच्या ऋषींना हे सारे ठाऊकच होते. दुसरा : आमच्याकडे पोथ्यापुराणांखेरीज होतेच काय, विज्ञान तर साहेबाने आणले. तिसरा खास आपल्या दुष्काळी मुलखाचा : प्यायला पाणी नाही आणि चंद्र कसला? या थ्रेडमध्ये मुख्य भांडण पहिल्याशी आहे. पण उरलेल्या दोघांनाही मोकळे सोडायचे नाही.

२/
सुरुवात घरापासून करू. माझे गाव दिंद्रुड, तालुका माजलगाव, जिल्हा बीड. भास्कराचार्य बीडचे, असे आपल्याकडे अधूनमधून ठासून सांगितले जाते. भास्कराचार्यांनी स्वतः आपले गाव ‘विज्जडविड’ म्हणून सांगितले आहे आणि ते सह्याद्रीच्या आश्रयाचे असल्याचे म्हटले आहे. विज्जडविड म्हणजे बीड, हे अनेक मतांपैकी एक मत. शिलालेखाचा पुरावा मात्र आपल्याला चाळीसगावजवळच्या पाटणकडे नेतो. बीडकर म्हणून मलाही पहिले मत आवडेल. पण आवड हा पुरावा नसतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.

३/
आणि उसना अभिमान आपल्याला हवाच कशाला? दिंद्रुडहून माजलगावमार्गे गोदावरी ओलांडली की पाथरी लागते. अभ्यासक ज्या ‘पार्थपुरा’ला आजची पाथरी मानतात, तेथील ज्ञानराज यांनी शके १४२५ मध्ये, म्हणजे इ. स. १५०३ च्या सुमारास, ‘सिद्धांतसुंदर’ हा ग्रंथ रचला. भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ इ. स. ११५० चा. मधल्या साडेतीन शतकांत या तोलाचा मोठा सिद्धांतग्रंथ झाला नव्हता. ही परंपरा आपल्या शिवारालगत पुन्हा उभी राहिली. हे किती जणांना ठाऊक आहे? पुष्पक विमान मात्र सर्वांना पाठ.

४/
ज्ञानराजांपुढचा प्रश्न आजच्याइतकाच धगधगता होता. पुराणांतील पृथ्वी सपाट, मध्यभागी मेरू पर्वत, भोवती एकाबाहेर एक द्वीपे आणि समुद्र. सिद्धांतग्रंथांतील पृथ्वी गोल आणि अवकाशात निराधार. दोन्ही आपलेच, दोन्ही संस्कृतात, आणि दोन्ही एकाच वेळी खरे असणे अशक्य. ‘आमच्या पूर्वजांना ठाऊक होते’ असे म्हणणाऱ्यास विचारावे : कोणत्या पूर्वजांना? कारण या प्रश्नावर पूर्वजांचेच आपापसांत कडाक्याचे भांडण होते.

५/
भास्कराचार्यांनी गोलाध्यायात पुराणमताची केलेली चिरफाड पाहा. पृथ्वीला कोणाचा आधार म्हणाल, तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा. ही साखळी संपणार कोठे? मग पृथ्वीच स्वशक्तीने स्थिर आहे असे का मानू नये? पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्यावर उंच फिरणारा सूर्य सर्वांना सर्वकाळ का दिसत नाही? रात्र मेरूमुळे होते म्हणाल, तर तो सोन्याचा पर्वत मध्ये दिसत का नाही? बाराव्या शतकातील हा गणिती श्रद्धेय ग्रंथांना उलटतपासणीस उभे करीत होता.

६/
ज्ञानराजांनी वेगळी वाट धरली. पृथ्वी त्यांनी गोलच ठेवली, गणितही सोडले नाही. पण पुराणांतील आधारांची कल्पना त्या गोलाशी जुळवून घेण्याचा यत्न केला आणि त्यासाठी भास्कराचार्यांच्या युक्तिवादांना प्रतियुक्तिवाद केले. मला स्वतःला भास्कराचार्यांचा पक्ष सरस वाटतो. तरीही ज्ञानराजांचा आदर वाटतो, कारण विरोध आहे हे त्यांनी मान्य केले. ‘दोन्हींत एकच सांगितले आहे’ अशी थाप मारून ते मोकळे झाले नाहीत. पुढे त्यांचेच पुत्र सूर्यदास यांनी भास्कराचार्यांच्या लीलावतीवर आणि बीजगणितावर टीका लिहिल्या. वडिलांनी ज्याच्याशी वाद घातला, त्याचे ग्रंथ मुलाने उलगडून सांगितले. याला म्हणतात विद्येचे घर.

७/
आता या परंपरेतील एक शब्द मनात कोरून घ्या : बीजसंस्कार. जुन्या ग्रंथावरून काढलेले ग्रहाचे स्थान आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारे स्थान यांत अंतर पडू लागले, की गणितात जी दुरुस्ती घालतात तिला बीजसंस्कार म्हणत. गणित आणि दृष्टी जुळणे याला नाव होते दृक्प्रत्यय. ग्रंथ कितीही पूज्य असो, आकाशाने साक्ष दिली नाही तर ग्रंथ दुरुस्त करायचा. ज्या संस्कृतीने दुरुस्तीसाठी पारिभाषिक शब्द घडवला, तिला ‘आम्हाला सगळे आधीच ठाऊक होते’ हे वाक्य शोभत नाही.

८/
उदाहरण हवे असेल तर नांदगावचे गणेश दैवज्ञ घ्या. त्यांचा ‘ग्रहलाघव’ शके १४४२ चा, म्हणजे इ. स. १५२० चा. तेव्हा सौर, आर्य आणि ब्राह्म असे तीन पक्ष होते आणि प्रत्येकाचे अनुयायी कट्टर. गणेश दैवज्ञांनी काय केले? चंद्र सौरपक्षाचा घेतला, पण त्यातून नऊ कला वजा केल्या. शनी आर्यपक्षाचा घेतला, पण त्यात पाच अंश मिळवले. शुक्रासाठी ब्राह्म आणि आर्य यांचा मध्य काढला. कसोटी एकच : आकाशाशी काय जुळते? पक्षाभिमानाचे नावसुद्धा नाही. आजच्या समाजमाध्यमांवर गणेश दैवज्ञ असते, तर तिन्ही पक्षांच्या टोळ्यांनी त्यांना धारेवर धरले असते.

९/
अर्थात परंपरेत एकच सूर नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गोदावरीच्या उत्तर काठच्या गोलग्रामातील एक ज्योतिषी घराणे काशीला स्थिरावले. त्याच घराण्यातील कमलाकरांनी १६५८ मध्ये ‘सिद्धांततत्त्वविवेक’ लिहिला. उलुग बेगच्या परंपरेतील ज्ञान त्यांनी आत्मसात केले. ध्रुवतारा सर्वस्वी अचल नाही हे नोंदवले. आणि हेच कमलाकर सूर्यसिद्धांताला मात्र अढळ प्रमाण मानून त्यात बीजसंस्कार घालण्यास विरोध करीत होते. एकाच माणसात खुली खिडकी आणि बंद दार. पूर्वज हे असे होते : हुशार, हट्टी, कधी धाडसी, कधी भित्रे. म्हणजे माणसे होते.

१०/
‘सगळे होतेच’ म्हणणारा नेमके हे माणूसपण पुसून टाकतो. सगळे आधीच ठाऊक असेल, तर गणेश दैवज्ञांच्या त्या नऊ कला कशासाठी? त्यांचे वडील केशव दैवज्ञ यांनी आकाश न्याहाळून केलेले वेध कशासाठी? सर्वज्ञाला कष्ट करावे लागत नाहीत, आणि ज्याने कष्ट केले नाहीत त्याचा गौरव कसला करायचा? पूर्वजांना सर्वज्ञ ठरवणे म्हणजे त्यांची मेहनत नाकारणे. शीर्षकात अवमान हा शब्द आहे तो यासाठी.

११/
खऱ्याऐवजी आपण कशाचा अभिमान बाळगतो ते पाहा. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या १०२ व्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. आधार होता ‘वैमानिकशास्त्र’ या पोथीचा. या पोथीची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच केली होती. निष्कर्ष असा : पोथीतील संस्कृत वैदिक नसून अर्वाचीन, मजकूर विसाव्या शतकाच्या आरंभी सांगून लिहवून घेतलेला, आणि वर्णिलेल्यांपैकी एकही विमान उडण्यास समर्थ नाही. तपासणी होऊन चाळीस वर्षे लोटली आणि तीच पोथी पुन्हा व्यासपीठावर आली.

१२/
याच्याच जोडीला शिवकर बापूजी तळपदे यांची कथा फिरते. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवले, असे सांगतात. तळपदे खरे, त्यांची धडपड खरी. उड्डाणाचा समकालीन पुरावा मात्र आजवर पुढे आलेला नाही. येथे एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. एकोणिसाव्या शतकातील एक मराठी माणूस तुटपुंज्या साधनांनिशी उडण्याचे स्वप्न पाहतो, ही कथा मुळातच मोठी आहे. तिच्यावर खोट्या यशाची कल्हई चढवून आपण तिचे भांडे खरवडतो आहोत.

१३/
आता दुसऱ्या निवाड्याकडे : ‘आमच्याकडे काहीच नव्हते.’ १८३६ मध्ये सुबाजी बापू या मराठी पंडितांनी ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. ते भोपाळजवळच्या सिहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या सान्निध्यात होते. त्यांची मांडणी लक्षणीय आहे. पुराणातील सपाट पृथ्वी खोडायला त्यांनी भास्कराचार्यांचे सिद्धांत वापरले आणि त्यांवर पाय देऊन ते कोपर्निकसच्या मताकडे वळले. घरातली शिडी नसती, तर ही उडी इतकी सहज पडली नसती. साहेबाने सारे आणले म्हणणाऱ्यांना ही शिडी दिसत नाही. ऋषींना सारे ठाऊक होते म्हणणाऱ्यांना ही उडी दिसत नाही.

१४/
पुढची पायरी पंचांगाची. केरो लक्ष्मण छत्रे हे गणिताचे थोर प्राध्यापक, लोकमान्य टिळकांचे गुरू. ग्रहलाघवावरून केलेली पंचांगे एकोणिसाव्या शतकात आकाशाशी जुळेनात, तेव्हा केरोपंतांनी इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे १८६५ पासून नवे पंचांग सुरू केले. तेच पटवर्धनी पंचांग. विरोध अर्थातच झाला. परंतु गणेश दैवज्ञांचा खरा वारस कोण? त्यांचे कोष्टक साडेतीनशे वर्षे जसेच्या तसे गिरवणारा, की त्यांच्यासारखेच आकाश पाहून कोष्टक बदलणारा? मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात हा सारा इतिहास मराठीत मांडून ठेवला आहे. अभिमान वाटायचाच असेल तर त्या ग्रंथाचा वाटावा. आधी तो वाचावा.

१५/
स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे के. ल. दप्तरी, ‘केसरी’चे ज. स. करंदीकर आणि रा. वि. वैद्य अशी मराठी माणसे होती. १९५५ च्या अहवालात समितीने दाखवून दिले की पंचांगे आणि ऋतू यांत सुमारे २३ दिवसांचे अंतर पडले आहे. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. आपण उत्तरायणाचा तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. राष्ट्रीय कालगणना २२ मार्च १९५७ पासून अमलात आली. दरवर्षी १ जानेवारीला ‘हे आमचे नववर्ष नव्हे’ असे खडसावणाऱ्यांपैकी किती जणांना आजची भारतीय सौर तारीख सांगता येईल? शास्त्रशुद्ध भारतीय दिनदर्शिका हाताशी असून आपण ती राजपत्राच्या कोपऱ्यात ठेवली.

१६/
भविष्यकथनाचेही तेच. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात एक साधी चाचणी घेतली, सहकाऱ्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकरही होते. काही कुंडल्या हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या. कोणती कोणाची ते ज्योतिषांनी ओळखायचे. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्यांचे उत्तर पाठवले. सरासरी यश ४६ टक्के. नाणे उडवले असते तर पन्नासच्या आसपास आले असते. ही चाचणी परंपरेविरुद्ध होती काय? मला तर ती दृक्प्रत्ययाची थेट पणती वाटते : सांगितलेले आणि दिसणारे जुळते का, ते मोजा.

१७/
आता तिसरा निवाडा, आणि तो मला सर्वांत जवळचा : दुष्काळी बीडला चंद्र कशाला? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ज्या जिल्ह्यातून दरसाल ऊसतोडीसाठी बैलगाड्या आणि ट्रक भरून माणसे बाहेर पडतात, तेथे सार्वजनिक पैशाचा हिशेब विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो विचारावाच. परंतु ‘गरिबाला आकाशाशी काय देणेघेणे’ असे त्यात गृहीत धरले असेल, तर पाटणचा शिलालेख वाचा.

१८/
भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला हा लेख तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या आणि घराण्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला. निकुंभ घराण्याच्या राजाने त्यास दान दिले. या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. तेथे बाजारातील मालावरचा आणि तेलाच्या घाण्यांवरचा मठाचा वाटा नेमून दिला आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी तेल गाळणारा आणि माल विकणारा सामान्य माणूस गणिताच्या शाळेचा खर्च उचलत होता.

१९/
त्या शाळेची दारे घाणा चालवणाऱ्याच्या मुलाला उघडी होती का? त्या काळातील विद्येची वर्णबद्ध व्यवस्था पाहता, नव्हती असेच मानावे लागते. आपला खरा ऐतिहासिक अन्याय तो आहे. आकाशासाठी पैसा खर्च झाला याचे दुःख नाही. ज्यांनी पैसा दिला त्यांना आकाश दाखवले नाही, याचे आहे. म्हणून आजची मागणी ‘चंद्रयान नको’ अशी नसावी. ढगांची, भूजलाची, पिकांची उपग्रहांनी टिपलेली माहिती माजलगावच्या शेतकऱ्याला वेळेवर आणि समजेल अशा मराठीत मिळावी, आणि ऊसतोड कामगाराच्या मुलीला शाळेत दुर्बिणीला डोळा लावता यावा, अशी असावी.

२०/
शेवटी पुन्हा चंद्राकडे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चे विक्रम चंद्रावर आदळले. चार वर्षांनी तेच नाव घेऊन दुसरे यान उतरले, कारण मधल्या काळात काय काय चुकू शकते याचा विचार करून रचना बदलली गेली. पाय बळकट केले, इंधन वाढवले, उतरण्याची जागा अर्धा किलोमीटरच्या चौरसावरून चार बाय अडीच किलोमीटरच्या आसपास मोठी केली. हा बीजसंस्कारच होय. आणि त्याच वर्षी मे महिन्यात इस्रोच्या तत्कालीन अध्यक्षांनी उज्जैनच्या एका समारंभात बीजगणितापासून विमानविद्येपर्यंत अनेक गोष्टींचे मूळ वेदांत असल्याचे सांगितले, असे वृत्तपत्रांनी छापले. वेदमंत्रांनी यान उतरले नाही. २०१९ च्या अपयशाचा काटेकोर हिशेब मांडल्याने उतरले. संस्थेची कृती तिच्या व्यासपीठावरील भाषणापेक्षा अधिक भारतीय होती.

२१/
हे सारे पटले नसेल तर माझ्यावर विश्वास ठेवू नका, शंकू रोवा. सिद्धांतग्रंथांतले सर्वांत साधे यंत्र म्हणजे सपाट जमिनीवर उभी रोवलेली काठी. २२ डिसेंबरला सूर्य डोक्यावर येतो त्या क्षणी एक मीटर काठीची सावली आमच्या दिंद्रुडात सुमारे ९१ सेंटिमीटर पडते. १४ जानेवारीला तीच ८५ च्या आसपास आलेली असते. उत्तरायण केव्हाच सुरू झाले, हे काठी सांगते. मेच्या मध्याला एका दुपारी सावली काठीच्या पायाशी नाहीशी होते. खर्च शून्य. आणि भास्कराचार्य, ज्ञानराज, गणेश दैवज्ञ यांनी जे केले तेच तुम्ही केलेले असेल.

२२/
वारसा कपाळी लावायचा नसतो, चालवायचा असतो. या थ्रेडमधील एखादे विधान चुकीचे वाटले, तर पुराव्यानिशी खाली लिहा, सुधारून घेईन. बीजसंस्काराची परंपरा आहे आपली. आणि पुढच्या वेळी कोणी ‘आमच्याकडे सगळे होतेच’ म्हणाले, तर नम्रपणे एवढेच विचारा : मग गणेश दैवज्ञांनी त्या नऊ कला वजा का केल्या?